वाचवणाऱ्याचा अधिकार

उत्तरेस घोड आणि दक्षिणेस भीमा अशा दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या शिरूर तालुक्याला निसर्गाने पाऊस बेताचाच दिला असला, तरी धरणांच्या आणि कालव्यांच्या पाण्याने तेथील शिवाराचे रूप इतके पालटले आहे की, जेथे आजोबांनी बाजरी आणि मटकी काढली तेथे नातू आज उसाचा फड उभा करतो. आणि या पालटलेल्या शिवारात माणसांबरोबर रानातल्या जिवांनीही आपला संसार मांडला असल्यामुळे, एक फार जुना नैतिक प्रश्न या भागातील शेतकऱ्यापुढे दरवर्षी नव्याने येऊन उभा राहतो. महागणपतीमुळे पावन झालेले आणि औद्योगिक वसाहतीमुळे गजबजलेले रांजणगाव घ्या, किंवा भीमेच्या काठचे, पलीकडे दौंड तालुका असलेले रांजणगाव सांडस घ्या. ऊस तोडताना, गवत कापताना, बांधावरचे झुडूप साफ करताना एखाद्या वन्य जिवाचे पोरके दिसणारे पिल्लू हाती लागणे ही तेथे नवलाची गोष्ट उरलेली नाही. त्या पिलाचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी दिसतो तितका सरळ नाही. कारण दया, मालकी आणि कायदा अशी तीन सूत्रे त्यात एकमेकांत गुंतलेली आहेत.

थंड देशांत हा प्रश्न रानहंसांच्या पिलांच्या निमित्तानेही उद्भवतो, कारण तेथील तळ्यांच्या काठी त्यांची वीण होते. आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात खरे. परंतु त्यांची घरटी लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांच्या काठी असल्याने, हिमालय ओलांडून आलेला हा पाहुणा येथे अंडी घालीत नाही, आणि त्याचे पिल्लू शिरूरच्या शेतकऱ्याच्या ओंजळीत येत नाही. येते ते हळदी-कुंकू बदकाचे, टिटवीचे, तितराचे, आणि मोराच्या चिंचोलीसारख्या गावाच्या आसपास लांडोरीचे. ही सारी पाखरे जमिनीवर अंडी घालणारी, आणि त्यांची पिल्ले डोळे उघडे ठेवूनच अंड्याबाहेर पडणारी व थोड्याच अवधीत आईमागे चालू लागणारी असतात. म्हणूनच ती एकटी दिसतात, आणि म्हणूनच आपली पहिली गफलत होते. माणसाची चाहूल लागताच टिटवीचे पिल्लू ढेकळाच्या रंगात रंग मिसळून निपचित पडते आणि त्याचे आईबाप डोक्यावर घिरट्या घालीत आकांत मांडतात; त्या आकांताचा अर्थ ‘आमचे पिल्लू वाचवा’ असा नसून ‘आपण येथून निघावे’ असा असतो, हे न उमगलेला दयाळू माणूस पिल्लू उचलून घरी नेतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, त्याच्या चोचीला दूध लावतो, भात किंवा पाव कुस्करून घालतो. पक्ष्याच्या पिलाला दूध पचत नाही. भाताहून आणि पावाहून किडे-अळ्या त्याच्या उपयोगाच्या, आणि अन्नाहूनही अधिक निकड त्याला उबेची. दोन दिवसांनी ते पिल्लू मरते, आणि घरातील मंडळी मनापासून हळहळतात. त्या हळहळीत खोट नसते. परंतु जे पोरके नव्हतेच त्याला आपल्या दयेने पोरके केले, हे मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कायद्याची भूमिका येथे पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत मारणेच नव्हे तर पकडणेही येते, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची वा घरट्याची नासधूस करणे किंवा त्यांना धक्का लावणे हेही येते. याच अधिनियमाच्या ३९ व्या कलमान्वये असा वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, आणि तो कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात आला असेल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला वर्दी द्यावी आणि मागणी होताच तो हवाली करावा, असे बंधन घातलेले आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या अनुसूची नव्याने बांधण्यात आल्या आणि शिक्षाही वाढविण्यात आल्या. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत, ज्यांत मोर आणि बिबट्या दोन्ही येतात, अपराध शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोराच्या बाबतीत या कायद्याने एक मोठी सूचक सवलत मात्र ठेवली आहे. मोराचे गळलेले पीस देवघरात वा मुलाच्या पुस्तकात ठेवल्याने कोणी गुन्हेगार होत नाही. लांडोरीचे अंडे उचलणारा मात्र होतो. पाखराने जे टाकून दिले ते माणसाने घ्यावे, परंतु पाखरू ज्याचे पोषण करीत आहे त्याला हात लावू नये, असा विवेक या भेदामागे मला दिसतो, आणि तो रुक्ष कायद्यापेक्षा धर्मशास्त्राला अधिक जवळचा वाटतो.

तरीही सामान्य माणसाच्या मनाला ३९ वे कलम टोचते. ज्याने पाटाच्या पाण्यातून गारठलेले पिल्लू काढले, त्याला आणि जाळे लावून लावे धरणाऱ्याला कायद्याने एकाच दप्तरात का नोंदवावे, असे त्याला वाटते; ‘मी जीव वाचवला, मग सरकार मालक कसे?’ असे तो विचारतो. हा सवाल आपल्या परंपरेत एकदा दरबारापुढे गेलेला आहे. देवदत्ताने बाण मारून पाडलेला हंस सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, जखम बांधली, आणि हंस कोणाचा यावर तंटा होऊन निवाडा ‘मारणाऱ्याचा नव्हे, तारणाऱ्याचा’ असा झाला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेली असते. तथापि तो निवाडा पाठ असणारे आपण त्याची अंमलबजावणी कशी झाली हे विसरतो. सिद्धार्थाने तो हंस राजवाड्याच्या तळ्यात पाळला नाही. जखम भरताच त्याने त्याला आकाशाच्या हवाली केले. मालकीचा दावा जिंकूनही ज्याने मालकी वापरली नाही, त्याच्याच हाती हंस देणे दरबाराला सुरक्षित वाटले असावे.

याच्या उलट टोकाची कथा भागवतात आहे. राज्याचा त्याग करून गंडकीच्या तीरी तपाला बसलेल्या भरत राजासमोर, सिंहाच्या गर्जनेने भेदरलेल्या गाभण हरिणीने नदीपार झेप घेतली, तीत तिचा गर्भ प्रवाहात पडला आणि ती स्वतः गतप्राण झाली. राजाने ते पाडस काढले, आश्रमात आणले, वाढवले. येथवर त्याच्या वर्तनात दोष काढण्यास जागा नाही. परंतु पुढे पाडस दृष्टीआड झाले की राजा व्याकूळ होऊ लागला, जप-तप सुटले, आणि मरणसमयीही चित्त त्या पाडसातच गुंतल्याने, सिंहासन सहज सोडणारा तो विरक्त पुरुष पुढच्या जन्मी हरीण झाला. भागवतकाराने राजाच्या दयेला दोष दिलेला नाही. दयेचे ‘माझे’पणात रूपांतर कसे नकळत होते, ते त्याने दाखवले आहे. पोरक्या पिलाची गरज संपल्यानंतरही आपली गरज उरते, आणि मग कोण कोणाला सांभाळीत आहे हे सांगणे कठीण होते.

भागवताने वाचवणाऱ्याच्या बाजूने मांडलेला हा धोका वाचवलेल्याच्या बाजूने कसा दिसतो, हे विसाव्या शतकातील प्राणिशास्त्राने स्पष्ट केले. कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, रानहंसांची अंडी उबवून असे दाखवून दिले की, अंड्यातून बाहेर पडल्यावर जी हालती वस्तू प्रथम दृष्टीस पडते तिलाच हंसाचे पिल्लू आई मानते. लोरेंझ दिसला तर लोरेंझच्या मागे ते रांगेने चालू लागते. हे दृश्य मोठे लोभस असले, तरी अशा रीतीने वाढलेल्या पाखराला आपली जात ओळखणे, आपला जोडीदार निवडणे अवघड जाऊ शकते, आणि माणसाची भीती न उरल्याने पहिल्याच शिकाऱ्याच्या हाती ते सापडू शकते. म्हणूनच अमेरिकेत नामशेष होण्याच्या काठावर पोचलेल्या पांढऱ्या क्रौंचाची पिल्ले वाढविणारे लोक नखशिखांत पांढरा झगा घालतात, चेहरा झाकतात, पिलांसमोर बोलत नाहीत, आणि हातातल्या क्रौंचमुखी बाहुल्याच्या चोचीने त्यांना भरवतात. ज्याची सेवा केली त्याला आपला चेहराही कळू नये, अशी ही सेवा आहे. निष्काम कर्माचे याहून चोख उदाहरण मला तरी आधुनिक काळात आढळलेले नाही.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. जुन्नर वनविभागात, ज्यात शिरूर तालुका मोडतो, ऊसतोडीच्या हंगामात हेच तत्त्व उसाच्या सरीत आचरले जाते. उंच ऊस, जवळ पाणी आणि माणसाचा कमी वावर यामुळे बिबट्याची मादी फडातच विते. कोयते चालत चालत फडाच्या अखेरच्या तुकड्याशी येतात, आणि पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्ले फिस्कारताना दिसतात. मजूर बाजूला होतात, मुकादम फोन करतो, वनरक्षक येतो. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक पिल्ले तपासतात, अंगावरच्या गोचिड्या काढतात, पुढे ओळख पटावी म्हणून कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. आणि मग पिल्ले पिंजऱ्यात घालून नेण्याऐवजी, दिवस मावळताना ती एका क्रेटमध्ये घालून जेथे सापडली तेथेच ठेवतात, शेजारी आपोआप टिपणारा कॅमेरा लावतात, आणि सर्व माणसे दूर निघून जातात. रात्री मादी येते, क्रेट कलंडते, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून ती त्यांना हलवते. या भागात अशा अनेक पिलांची आईशी पुन्हा गाठ घालून दिली गेली आहे.

ही गोष्ट सांगताना एका वेदनेकडे पाठ फिरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले दगावली आहेत, आणि ज्या घरातले मूल गेले त्या घराला ‘बिबट्याच्या पिलावर दया करा’ असे सांगण्याचा अधिकार पुण्यात बसून लेखणी चालवणाऱ्याला नाही. परंतु मोठा विलक्षण योग असा की, येथे दया आणि सावधगिरी एकच मार्ग दाखवतात. पिल्ले हरवलेली मादी सहसा तो परिसर सोडून जात नाही. ती बिथरलेल्या अवस्थेत त्यांना शोधत वस्तीभोवती फिरत राहते. पिल्ले परत देण्यात बिबट्याचे जितके हित आहे, तितकेच शेजारच्या वस्तीवर झोपलेल्या लेकरांचेही आहे.

मात्र जो मालकी सांगतो त्याने जबाबदारीही उचलली पाहिजे, हा न्याय शासनालाही लागू आहे. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील एका तरुणाने २०२२ मध्ये शेतात जखमी पडलेल्या सारसाची शुश्रूषा केली. बरा झाल्यावरही तो पक्षी, मोकळा असूनही, त्याच्याभोवतीच राहिला आणि त्याच्या मोटारसायकलीमागे उडू लागला. २०२३ च्या मार्चमध्ये वनखात्याने सारस ताब्यात घेऊन प्रथम समसपूरच्या पक्षी अभयारण्यात आणि नंतर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेला, आणि त्या तरुणावर खटला दाखल केला. वन्य पक्ष्याने माणसाळू नये हे खात्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. परंतु या सगळ्या उठाठेवीत अखेर पिंजऱ्यात पडला तो निरपराध सारस. कायदा हाती असणाऱ्यांनी दयाळू माणसाला आरोपी न मानता साक्षीदार मानले, त्याच्या वर्दीची दखल त्याच दिवशी घेतली आणि पुढे त्या जिवाचे काय झाले हे त्याला दोन ओळींत कळवले, तर ३९ व्या कलमाचा धाक वाटण्याऐवजी आधार वाटू लागेल.

आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ५१-क हा अनुच्छेद आला, आणि त्यात सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले गेले. घटनेने दयेला हक्कांच्या यादीत न घालता कर्तव्यांच्या यादीत घातले, यात या प्रश्नाचे उत्तर आहे असे मी मानतो. ज्याने पिल्लू वाचवले त्याच्याकडे ते अमानत म्हणून येते; अमानतीचा सांभाळ करावा लागतो, ती परत करावी लागते, आणि तिच्यावर वहिवाट सांगता येत नाही.

तेव्हा रांजणगावच्या, चिंचोलीच्या, भीमेकाठच्या सर्व शेतकरी बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. पिल्लू एकटे दिसले तर प्रथम दूर व्हा आणि दुरूनच त्याच्या आईची वाट पाहा. ते जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली असेल, तरच त्याला उबदार, अंधाऱ्या, हवा खेळत्या खोक्यात ठेवा. दूध-भात देऊ नका, मुलांना खेळायला देऊ नका, फोटो काढीत बसू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा. उसात बिबट्याची पिल्ले दिसली तर ती हाताळू नका, तोड तेथेच थांबवून मजुरांना मागे घ्या आणि त्याच क्रमांकावर खबर द्या. उसाच्या राहिलेल्या चार सऱ्या उद्याही तोडता येतील.