जे बहुतेकांचे, तेच बरोबर?

शरीरशास्त्राच्या पुस्तकातील मांडीचे चित्र मोठे सुबक असते. जांघेतून मोठी रोहिणी खाली उतरते, ३-४ सेंटिमीटरवर तिला एक जाड फांदी फुटून खोल शिरते आणि या फांदीपासून निघालेल्या दोन उपफांद्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला वळसा घालतात. प्रत्यक्ष विच्छेदनात मात्र यांतील एखादी उपफांदी थेट मोठ्या रोहिणीतूनच निघालेली पुष्कळदा आढळते. एकाच माणसाच्या दोन मांड्यांतही रचना निराळी असू शकते. पाय चालतो, धावतो. ज्याचा तो पाय, त्याला आयुष्यभर याचा पत्ताही नसतो.

मग बरोबर मांडी कोणती? पुस्तकातील चित्र हे बहुतेकांचे वर्णन आहे, निसर्गाने घालून दिलेला कायदा नव्हे. परंतु ‘बहुधा असे असते’ या वाक्याचे ‘असेच असले पाहिजे’ कधी होऊन बसते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

गर्भावस्थेतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आरंभी पायाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी मांडीच्या मागच्या बाजूने जाते. पुढे समोरची रोहिणी वाढते आणि मागची बहुतांशी विरून जाते. क्वचित एखाद्यात ती मोठेपणीही टिकून राहते. म्हणजे आज ज्याला आपण अपवाद म्हणतो, तो एके काळी आपणा सर्वांचाच नियम होता!

याचा अर्थ प्रत्येक वेगळेपण निर्धोक असते, असा नव्हे. टिकून राहिलेल्या त्या रोहिणीला पुढे फुगवटा येऊ शकतो. म्हणून ‘हे वेगळे आहे काय?’ आणि ‘हे अपायकारक आहे काय?’ हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर मोजणीने मिळते, दुसऱ्याचे तपासणीने.

तपासणीत कसूर झाली तर काय होते, तेही पाहा. काहींच्या मांडीतील खोल नीला एकेरी नसून जोडीने असते. एकीत रक्ताची गुठळी आहे आणि सोनोग्राफी करणाऱ्याने दुसरी मोकळी पाहून समाधान मानले, तर ती गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन प्राणावर बेतू शकते. येथे दोष रोग्याच्या शरीराचा नसतो. नीला एकच असणार, असे गृहीत धरणाऱ्याचा असतो.

आम्हा शिक्षकांना हे विशेष लागू आहे. आपल्या सीमाभागातले मूल घरी एक भाषा बोलते, बाजारात दुसरी आणि वर्गात पुस्तकी मराठी. त्याच्या वाक्याला कानडी वळण आले की आमची लाल शाई तयारच असते. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परीक्षेला आणि अर्ज-पत्रांना ती लागतेच. पण मुलाच्या वाक्यातून अर्थ पोहोचतो की नाही, हे आधी पाहावे. केवळ वेगळे बोलतो म्हणून त्याला वर्गासमोर हिणवणे हा अन्याय आहे.

सरासरीचा उपयोग आहेच. कोठे शोधायचे, ते ती सांगते. समोरच्या माणसात काय आहे, हे मात्र त्याच्याकडे पाहूनच कळते. आणि ते पाहण्याचे कष्ट घेणे हे जसे डॉक्टरचे, तसेच शिक्षकाचे आणि शेजाऱ्याचेही कर्तव्य आहे.