प्रायश्चित्ताची मर्यादा आणि आम्लग्रस्त सरोवरे

प्रायश्चित्ताने पाप खरोखर नाहीसे होते, की पाप करणाऱ्याला समाजात परत घेण्याची केवळ सोय होते, हा धर्मशास्त्रातील एक कठीण प्रश्न आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या मते अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, मात्र जाणूनबुजून पाप करणारा त्याने फक्त ‘व्यवहार्य’, म्हणजे इतरांनी ज्याच्याशी व्यवहार ठेवावा असा, होतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त याची उकल करताना पापाला दोन शक्ती मानल्या: एक नरकाला नेणारी आणि दुसरी व्यवहार रोखणारी, त्यांतील दुसरी नष्ट झाली म्हणून पहिलीही नष्ट झाली, असे ठरत नाही.

हा भेद किती खोल आहे, हे दक्षिण नॉर्वेतील सरोवरांच्या इतिहासावरून कळते. ब्रिटन आणि मध्य युरोपातील कारखान्यांत जळणाऱ्या कोळशातून निघालेला गंधकाचा वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन गंधकाम्लाच्या रूपाने पावसातून खाली येई. तिथली जमीन ग्रॅनाइटवरची, पातळ थराची. तिच्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे आम्ल काही काळ शमवत राहिले, पण तो साठा धुपून गेल्यावर मातीतले ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात उतरू लागले आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करू लागले. हजारो सरोवरांतील ट्राउट मासे नाहीसे झाले किंवा घटले.

स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी 1967 साली वृत्तपत्रातून या संकटाचे मूळ जाहीरपणे मांडले, 1972 च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने ते जगापुढे ठेवले आणि 1979 मध्ये सीमापार वायुप्रदूषणाविषयीचा जिनिव्हा करार झाला. 1980 नंतर युरोपातील गंधकाचे उत्सर्जन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले, ही मानवी विवेकाची मोठी कामगिरी आहे, आणि तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पाण्यातले सल्फेट उतरले, सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप (तो जितका जास्त, तितके आम्ल कमी), हळूहळू वर चढला.

तरीही पाणी पूर्वीचे झालेले नाही. मातीने धरून ठेवलेले सल्फेट उत्सर्जन घटल्यावरही झिरपत राहते, आणि धुपलेले कॅल्शियम खडक झिजूनच परत येणार असल्याने त्याला अनेक दशके, काही ठिकाणी त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्या सूक्ष्म कवचधारी जीवांना कवचासाठी कॅल्शियम लागते, त्यांच्यासाठी कमी आम्ल असलेले हे पाणीही अपुरेच ठरते. सरोवर व्यवहार्य झाले आहे. झालेली हानी मात्र तशीच उरली आहे. शिवाय 1972 नंतर जे जाळले गेले, त्याला अज्ञानाचा आडोसा घेता येत नाही.

इथे कर्मसिद्धान्तापुढेही एक अडचण उभी राहते. न केलेल्या कर्माचे फळ कोणाला भोगावे लागत नाही, हे त्या सिद्धान्ताचे एक मूळ गृहीतक आहे आणि त्याविरुद्ध घडणे या दोषाला शास्त्रात ‘अकृताभ्यागम’ म्हणतात. ट्राउट माशाने कोणते कर्म केले होते, असे विचारल्यास पूर्वजन्माकडे बोट दाखवणे हे विचाराचे उत्तर नव्हे, जबाबदारी टाळणे आहे. कर्माची नोंद ज्याने कोळसा जाळला त्याच्या खात्यावरच झाली पाहिजे. प्रत्यक्षात नॉर्वेतील अनेक नद्या आणि सरोवरांत आजही आम्ल शमवण्यासाठी चुनखडीची पूड टाकावी लागते आणि तिचा खर्च प्रामुख्याने नॉर्वेचे सरकारच करते.