आवाजाच्या अलीकडचा नट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसं मुंबईला जाता-येता रोज जे कल्याण ओलांडतात, त्याच्या लुटीची आणि सुभेदाराच्या सुनेची गोष्ट बाबूराव पेंटरांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’ या मूकपटात दाखवली. त्यात एका नर्तकीच्या वेषात विठ्ठल नावाचा विशीही न गाठलेला मुलगा होता. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो संकलनाचं काम करायचा आणि अधूनमधून कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा. दोनच वर्षांत मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या ‘रतन मंजरी’मध्ये तो नायक झाला. मग तलवार, घोडा, उंचावरून उड्या. मास्टर विठ्ठलला लोक भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले.

हे शक्य झालं ते पडदा मुका होता म्हणून. संवाद मजकुराच्या पाट्यांवर येत, आणि एकाच चित्रपटाच्या पाट्या दोन-तीन भाषांत लिहिता येत. नायक कोल्हापूरचा की लाहोरचा, हे प्रेक्षकाला कळायचं कारणच नव्हतं. चपळ अंगाला सगळा देश मोकळा होता.

१९३१ साली अर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटासाठी याच विठ्ठलला घेतलं. शारदाशी त्याचा करार होता, कंपनी कोर्टात गेली, आणि विठ्ठलच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहून जिंकले. एका नटासाठी एवढी खेचाखेच! पण त्याचे उर्दू उच्चार कच्चे होते. सांगतात की म्हणूनच बोलपटाच्या या पहिल्या नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवलं गेलं. बोलपट आला आणि नायकाला बोलू देईनात.

दोष यंत्राचा, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिचीही हिंदुस्तानी कच्चीच होती. तिने काही काळ थांबून ती शिकून घेतली आणि ती पुन्हा नायिका झाली. उच्चार शिकता येतात, त्यासाठी सवड मात्र मिळावी लागते, आणि अंगमेहनतीच्या नटाला ती कुणी देत नाही. विठ्ठल पुढेही काम करत राहिला. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये तो होता, नंतर मराठी चित्रपटांत लहानसहान भूमिका आल्या. १९६९ साली तो गेला.

हॉलिवुडने अशा अंगाचं काय केलं? रे कॉरिगन १९३६ साली ‘थ्री मेस्किटिअर्स’ मालिकेत घोड्यावरचा काउबॉय नायक होता, आणि त्याच वर्षी ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये शिंग लावलेल्या गोरिलाच्या कातड्यात घामाघूम होत होता. त्याने आपले गोरिलाचे पोशाख सांभाळले, त्यावर वर्षानुवर्षं धंदा केला आणि शेवटी ते दुसऱ्या नटाला विकले. यात अपमान शोधायची मला घाई नाही. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) गणपत शिंदे हनुमान झाले तेव्हा शेपटी लावण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, उलट लोक हात जोडत. आपल्याकडे वानर देव होता, तिकडे गोरिला भीती घालायला किंवा हसवायला ठेवलेला. मुखवटा तोच, मान वेगळा. कॉरिगनला निदान कातड्याचे पैसे तरी मिळाले. विठ्ठलकडे विकण्यासारखं जे होतं ते अंगालाच चिकटलेलं होतं, आणि वयाबरोबर ते उतरत गेलं.

त्याचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. ‘आलम आरा’चीही प्रत उरलेली नाही. गंमत अशी की त्या न दिसणाऱ्या चित्रपटातलं वझीर मोहम्मद खान यांचं फकिराचं गाणं पहिलं चित्रपटगीत म्हणून जो-तो सांगतो. नायक कोण होता, हे प्रश्नमंजुषेत विचारावं लागतं.