लोभ असावा

माणूस कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करतो तेव्हा ती कुणावर तरी करतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. नवा न्हावी कुणाच्या तरी डोक्यावर शिकतो. नवा डॉक्टर कुणाच्या तरी दंडात पहिली सुई टोचतो. नव्या सुनेची पहिली पुरणपोळी कुणाला तरी 'छान झाली हो' म्हणत गिळावी लागते. आमच्या बँकेतला नवा कॅशिअर नोटा मोजायला शिकतो तो काउंटरपलीकडे ताटकळणाऱ्या रांगेच्या जिवावर. थोडक्यात काय, तर जगातलं सगळं कसब दुसऱ्याच्या खर्चाने मिळवलेलं असतं, आणि या खर्चाची पावती कुणी कुणाला देत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. पावतीविना खर्च दिसला की माझ्या पोटात कालवाकालव होते.

आता न्हावी चुकला तर केस पुन्हा उगवतात. पोळी फसली तर घरात कुणीतरी खाऊन टाकतं. पण पंचवीस टन पोलाद घेऊन हमरस्त्याने जाणारा माणूस नवा असेल तर? त्याने कुणाच्या जिवावर शिकायचं?

हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात सापडला नाही. तो शेजारच्या वहिनींकडून पोह्यांच्या बशीबरोबर आमच्या घरी आला. त्यांचा धाकटा वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रेलरवर शिकाऊ ड्रायव्हर म्हणून लागला होता. वाडी म्हणजे अमरावती रोडने नागपूर सोडताना लागणारी गोदामांची आणि ट्रकांची वस्ती. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नंबरचा, हे दोन्ही नागपुरापाशी एकमेकांना छेदतात. त्यामुळे देशाचा निम्मा माल आपल्याच दारावरून जातो, असं प्रत्येक नागपूरकराला वाटतं, आणि उरलेला निम्मा का जात नाही याचं त्याला वाईट वाटतं.

पूर्वी या धंद्यात शिक्षणाची एकच पद्धत होती. पोरगा क्लीनर म्हणून लागायचा, उस्तादची भांडी घासायचा, टायर ठोकून हवा ओळखायचा, आणि एखाद्या रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्तादच्या डोळ्यांवर झापड आली की स्टिअरिंग त्याच्या हाती यायचं. हाच पदवीदान समारंभ. आता काही कंपन्या रीतसर ट्रेनिंग देतात. वहिनींच्या धाकट्याला पहिला आठवडाभर स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसत्या साखळ्या आवळायला लावल्या.

कारण त्याची गाडी फ्लॅटबेड. म्हणजे चाकांवर ठेवलेला चाळीस फुटी पाटच म्हणा ना. बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही. साध्या ट्रकमध्ये मालाला निदान चार भिंतींची अब्रू असते. इथे सगळं उघड्यावर, साखळ्या आणि पट्ट्यांच्या भरवशावर. भिलाईहून येणाऱ्या पोलादी प्लेटा घ्या. खाली लाकडी ठोकळे घातले नाहीत तर पोलादावर पोलाद घसरतं. उस्तादने पोराला पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवलं : "ब्रेक गाडीला असते बेटा, मालाला नसते." गाडी थांबते, प्लेटा थांबत नाहीत, आणि त्यांच्या वाटेत आधी ड्रायव्हरचं डोकं येतं. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हे पदार्थविज्ञान मला चटकन समजलं, कारण आमच्याकडे चक्रवाढ व्याजही असंच नकळत अंगावर येतं.

शिवाय नव्या ट्रकच्या केबिनला २०२५ पासून एसी सक्तीचा झाला आहे. नागपूरच्या ड्रायव्हरला याहून मोठं सुख नाही हे खरं, पण भीतीने फुटलेला घाम उन्हावर ढकलायची सोय मात्र गेली.

तर पोहे संपल्यावर वहिनींनी पदराआडून कंपनीचा फॉर्म काढला. "भाऊजी, इथं जामीनदाराची सही पाहिजे म्हणते." माझा हात बशीवरच थांबला. वीस वर्षं मी काउंटरवर बसून लोकांना सांगत आलो आहे, की बाबांनो, काहीही करा, पण जामीन राहू नका. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम मला तोंडपाठ आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. कर्ज त्याचं, झोप तुमची. मी वेळ काढण्यासाठी पोराला विचारलं, "काय रे, भीती वाटते का?"

तो म्हणाला, "मालाची नाही वाटत काका. समोरच्या स्कूटीवाल्याची वाटते. मी नवा आहे हे त्याला कुठं माहीत आहे?"

वाचकहो, मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि दोन दिवस या वाक्यावर विचार करत राहिलो. पोराने नेमकं बोट ठेवलं होतं. माझ्याकडे तो सही मागू शकत होता. पण खरं कर्ज तो ज्याच्याकडून काढणार होता, त्या स्कूटीवाल्याची सही कुठे होती?

कायद्याने याचा विचार केलेला आहे, नाही असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय असली गाडी चालवता येत नाही. हलक्या गाडीचं लायसन किमान वर्षभर जवळ असल्याशिवाय जड गाडीचं कच्चं लायसनही मिळत नाही. कच्च्या लायसनवाल्याने गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शेजारी जाणता माणूस बसवायचा. उत्तम. पण लायसन पक्कं झालं त्या दिवशी एल उतरतो. लायसन पक्कं होतं, हात मात्र कालचेच असतात. आमचा शिकाऊ या दुसऱ्या वर्गातला. कागदोपत्री पक्का, कंपनीच्या लेखी कच्चा, आणि स्कूटीवाल्याच्या लेखी नुसताच एक ट्रेलर.

या बाबतीत इंग्रज एकेकाळी फार प्रामाणिक होते. १८६५ साली त्यांनी कायदा केला की रस्त्यावरून वाफेची गाडी जाताना तिच्यापुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं. अनोळखी माणसाला आगाऊ सूचना! अमरावती रोडवर असा माणूस ठेवला तर सगळ्यात आधी त्याचाच विमा उतरवावा लागेल.

विम्यावरून आठवलं. सक्तीच्या विम्यात या अनोळखी माणसाला 'तिसरा पक्ष' म्हणतात. पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी. दोघांच्या सह्या असतात. तिसऱ्याला आपण पक्ष आहोत हे कळतं ते हॉस्पिटलात.

मग काय, नवशिक्यांना रस्त्यावर येऊच द्यायचं नाही? तसं केलं तर आजचे उस्ताद म्हातारे झाल्यावर गाड्या कोण हाकणार? ज्या पोलादावर आपली घरं उभी आहेत, तेही कधीतरी कुणा नवशिक्याच्या पहिल्या फेरीत आलं असेलच. म्हणजे तिसऱ्या पक्षालाही यात फायदा आहे. पण इथे हिशेब जुळत नाही. फायदा फ्लॅटवाल्याला जास्त आणि जोखीम सायकलवाल्याला जास्त. गेलेला जीव हप्त्याने फेडता येत नाही. तेव्हा 'शेवटी सगळ्यांचं भलंच होतं' म्हणून खातं बंद करायला माझं मन तयार होईना.

मार्ग दाखवला तो पोरानेच, स्वतःच्या नकळत. बुटीबोरीच्या बाजूला एका गोदामात माल भरून झाला होता आणि दोन साखळ्या कमी पडत होत्या. तिथला माणूस म्हणाला, "चला बे, उशीर होऊन राहिला. इतक्यात काही होत नाही." उस्तादने वाद घातला नाही. खाली उतरला, किल्ली खिशात टाकली आणि चहा मागवला. साखळ्या आल्या तेव्हा अडीच तास झाले होते. मग तो पुन्हा डावीकडच्या सीटवर बसला. त्या सीटखाली ब्रेक नाही. प्लेटा पुढे आल्या तर त्या दोघांनाही सारख्याच लागणार.

मला एकदम उमगलं, की खरा जामीनदार तो आहे. माझी सही फार तर पैशापुरती. उस्तादने पोरापायी आपला देह तारण ठेवला होता, तोही त्या स्कूटीवाल्याच्या वतीने, जो त्याला कधी भेटणार नाही. शिकण्याचं कर्ज टळत नाही, पण ते एकट्याने काढू नये. शेजारी असा माणूस असावा, ज्याला आपल्याबरोबर बुडायचं आहे आणि म्हणून 'नाही' म्हणायची हिंमत आहे. ज्या धंद्यात नवशिक्याला एकटं सोडतात आणि किल्ली खिशात टाकणाऱ्याचा पगार कापतात, तिथे ते कर्ज नसून सरळ चोरी असते, मग तो धंदा ट्रकचा असो, दवाखान्याचा असो की आमच्या बँकेचा. आणि फेड? ज्याच्याकडून घेतलं त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा आज उजवीकडे बसून शिकणाऱ्याने उद्या दुसऱ्या कुणासाठी डावीकडे बसायचं. दुसरी पावती या व्यवहारात नाही.

मी सही केली. घरात यावर दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं. असो.

राहता राहिले आपण, म्हणजे तिसरे पक्ष. महामार्गावर एखादा लांबलचक ट्रेलर सावकाश जाताना दिसतो आणि त्याच्यापुढे बरीच मोकळी जागा असते. ती आपल्यासाठीच सोडली आहे असं समजून आपण तिथे गाडी घुसवतो. कृपा करून घुसवू नका. कुणीतरी कुणाला तरी तेवढं अंतर ठेवायला नुकतंच शिकवलेलं असतं, आणि ते आपल्याच जिवासाठी ठेवलेलं असतं. त्या गाडीवर एल नसेलही. इंग्रजीत एल म्हणजे लर्नर म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ पत्राच्या शेवटी आपण पिढ्यान् पिढ्या लिहीत आलो आहोत.

कळावे, लोभ असावा.