कापण्यापूर्वी

परका कोण, हे ठरवायचे कसे आणि ठरल्यावर हात किती लवकर उगारायचा? नंदेसरीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि रसायनांच्या कारखान्यांपायी कुठकुठून आलेली माणसे. नाव घालायला आलेल्या पोराजवळ कधी दाखला नसतो, कधी आडनाव अनोळखी असते. तेवढ्यावरून ‘हा आपला नव्हे’ म्हणणाऱ्यांना मी विरजणाची गोष्ट सांगतो.

दही लावणाऱ्या लॅक्टोकॉकस जिवाणूंवर विषाणू हल्ला करतात, आपला डीएनए त्यांच्या आत सोडतात. तो कापणारी विकरे जिवाणूपाशी असतात. स्वतःच्या डीएनएवर खूण केलेली असते. खूण नाही तो परका. पण बिनखुणेची एकच जागा दिसली म्हणून विकर कापत नाही. ते एटीपीचे इंधन जाळीत डीएनएच्या दोरीवरून चालू लागते. दूरच्या दुसऱ्या जागेवरून उलट दिशेने निघालेले विकर येऊन धडकले, की मग दोरी तुटते. पुण्याच्या आयसरमधील साईकृष्णन आणि ब्रिस्टलचे मार्क शेल्कुन यांच्या गटांनी २०१५ मध्ये या विकराची रचना दाखवून दिली. ती तोड एका घावाची नसते, अनेक बारीक चिरांची असते.

एवढा खटाटोप कशाला? ई. कोलाय जिवाणूतल्या ‘इकोपी१५’ या विकराकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. हे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाच धाग्यावर खूण करते. पेशी दुभंगताना प्रत्येक प्रतीत एक जुना धागा जातो, दुसरा नवा आणि कोरा असतो. म्हणजे घरच्याच लेकराच्या अंगावर काही जागा पुऱ्या बिनखुणेच्या! नियम कडक लावला तर जिवाणू आपलेच पोर कापील. पण १९९२ मध्ये सिद्ध झाले, की या विकराला समोरासमोर तोंडे असलेल्या दोन कोऱ्या जागा लागतात. लेकराच्या कोऱ्या जागांची तोंडे सारी एकाच दिशेला. म्हणून ते वाचते, आणि खूण मागाहून होते.

जिवाणूला दयामाया नसते, आणि निसर्गात आहे म्हणून ते न्याय्य ठरत नाही, हे मी वर्गातही सांगतो. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एकाच आळीतून, एकाच तोंडाने आलेल्या दहा तक्रारी माझ्या लेखी एकच तक्रार असते. दुसऱ्या बाजूने कोणी येईपर्यंत मी नाव कमी करीत नाही.

याची किंमत आहे. टी७ नावाच्या विषाणूवर इकोपी१५च्या ३६ जागा आहेत, साऱ्या एकाच दिशेला तोंड करून. तो सहीसलामत निसटतो. आमच्याकडेही एखादा शिरत असेल. दाखला नसलेले पोर तरीही मी वर्गात बसवतो. कागद कधी दिवाळीनंतर येतात, कधी येतच नाहीत.