थांबण्याचा भार तिच्यावर का?

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तिकडे गेलेल्या मराठी मुलीला पहिले ग्रीनकार्ड मिळते ते बहुतेकदा दोन वर्षांचे. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो, पण सशर्त. निव्वळ कार्डासाठी होणारी खोटी लग्ने रोखावीत म्हणून १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज करायचा, संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे. तो मंजूर झाला की अट उठते. त्या हेतूशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते विलंबाशी. २०२३ पासून या अर्जाच्या पोचपत्राने कार्डाची मुदत तब्बल ४८ महिने वाढते. दोन वर्षांची अट तपासायला चार वर्षांची सोय करून ठेवावी लागते, यातच सगळे आले.

दरम्यान दुसरा हक्क उभा राहतो. नवरा ती सगळी वर्षे नागरिक असेल आणि दोघे एकत्र नांदत असतील, तर ग्रीनकार्डाला तीन वर्षे झाल्यावर तिला नागरिकत्व मागता येते. त्यात सशर्त काळही धरला जातो. म्हणजे पहिला अर्ज पडून असतानाच नागरिकत्वाचा ‘एन-४००’ हा अर्ज भरता येतो. ‘आधीचे निकाली लागू दे, उगाच डोळ्यावर यायला नको,’ असे घरची मंडळी सांगतात. हा सल्ला मला पटत नाही. आय-७५१ मंजूर झाल्याखेरीज नागरिकत्व देता येत नाही, हे खरेच. पण म्हणूनच नागरिकत्वाच्या मुलाखतीपाशी ती रखडलेली फाईल बाहेर काढावी लागते आणि पुष्कळदा दोन्हींचा निर्णय एकत्र होतो. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर संघीय न्यायालयात दाद मागण्याची तरतूदही कायद्यात आहे.

थांबण्यातली खरी जोखीम वेगळी आहे. तीन वर्षांची वाट लग्नावर अवलंबून असते. शपथेआधी घटस्फोट झाला तर ती बंद होते आणि पाच वर्षांचा नियम लागू होतो. संयुक्त अर्जावर नवऱ्याची सही असते. इमिग्रेशन कार्यालयाच्या दिरंगाईचा प्रत्येक महिना त्या सहीचे वजन वाढवतो. नवरा भला असेल तर काही बिघडत नाही. पण धाकात ठेवणारा असेल, तर ‘सही मागे घेईन’ एवढे वाक्य पुरते. घटस्फोट झाल्यास, किंवा मारहाण व छळ होत असल्यास, तिला एकटीने अट उठवण्याचा अर्ज करता येतो, हे कित्येकींना ठाऊकच नसते. तिथेही लग्न खऱ्या हेतूने केले होते, हे तिलाच सिद्ध करावे लागते.

आणि पुरावे? घर लग्नाआधीच नवऱ्याने घेतलेले, बँकेचे खाते त्याचे, विजेचे बिल त्याच्या नावावर. संसार अगदी खरा असूनही कागदावर ती त्या घरात कुठेच नसते.

राज्यसंस्थेने शंका घ्यावी, पण तिचे निरसन ठरल्या मुदतीत करावे. उशिराची किंमत अर्जदाराने मोजणे अन्याय्य आहे. हा अन्याय दूर होईपर्यंत, मुलीला परदेशी पाठवणाऱ्या आईवडिलांनो, एवढे करा: संयुक्त खाते, घराची किंवा भाड्याची कागदपत्रे, विमा, करविवरणपत्रे यांत तिचे नाव घालून घ्यायला सांगा, प्रत्येक पोचपत्राची प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या, आणि तीन वर्षे भरली की वकिलाचा सल्ला घेऊन तिला अर्ज करू द्या.