धर्मराजाचा रथ भुईला का टेकला?



महाभारतातील ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! युद्धाचा पंधरावा दिवस. द्रोणाचार्य कुणाला आवरेनात. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि ‘अश्वत्थामा मेला’ अशी आरोळी ठोकली. द्रोणांना ते खरे वाटेना; त्यांनी धर्मराजालाच विचारले. धर्मराज ‘मेला’ हे मोठ्याने बोलला, ‘हत्ती’ हे हळूच पुटपुटला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले, त्यांचा प्राण गेला. आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ भुईला टेकला.

यातले मर्म पाहा. खोटे भीमही बोलला होता, पण त्याने द्रोण ढळले नाहीत. ढळले ते धर्मराजाच्या शब्दाने, कारण त्या शब्दामागे जन्मभराचे सत्य होते. लबाडाचे खोटे वाऱ्यावर जाते. विश्वासाच्या माणसाचे खोटे प्राण घेते.

हे द्वापरातच घडले असे समजू नका. १९६४ साली अमेरिकेच्या सरकारने हेच केले. टोंकिनच्या आखातात २ ऑगस्टला त्यांच्या ‘मॅडॉक्स’ युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी हल्ला केला, हे खरे. पुढे ४ तारखेला दुसऱ्या हल्ल्याची बातमी आली. पण तिथल्या नौदल अधिकाऱ्यानेच काही तासांत कळवले की, हवामानामुळे यंत्रे फसली असावीत, आधी नीट तपासा. ती शंका बाजूलाच राहिली. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री हल्ला झाल्याचे देशाला सांगितले आणि बाँबफेकीला विमाने धाडली. त्या किनाऱ्यावर अमेरिकेच्याच मदतीने आधीपासून छापे पडत होते, हे मात्र लोकांना सांगितले नाही. हाच तो पुटपुटलेला हत्ती!

७ ऑगस्टला त्यांच्या संसदेने अध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली. एका सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, दुसऱ्यात ८८ विरुद्ध २. मॉर्स आणि ग्रूनिंग, एवढे दोघेच ‘नको’ म्हणाले. पुढे ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक आणि व्हिएतनामची लाखो माणसे मेली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, असे त्यांच्याच सरकारी इतिहासकाराने लिहून ठेवले. तो कागद २००५ साली उघडा झाला. तोवर चाळीस वर्षे लोटली होती.

कोणी विचारील, ‘महाराज, धर्मराजाला तर भगवंतानेच तसे बोलायला सांगितले होते ना?’ होय. तरी त्याला नरकाचे दर्शन चुकले नाही. पण त्याने आपले आपण फेडले. इथे बोलले राज्यकर्ते, आणि फेडले दुसऱ्यांच्या पोरांनी.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळकरी खोटे बोलायचा नाही, असे गाव मानते. ही आपली धर्मराजाची पत आहे, बरे का! म्हणून युद्धाच्या दिवसांत पारावर, मोबाइलवर ‘इतके मारले, तितके पाडले’ अशी बातमी आली, की ती पुढे सांगण्याआधी माळेला हात लावा. सीमेवरच्या जवानासाठी पांडुरंगाला साकडे जरूर घाला. पण जे ठाऊक नाही त्याची साक्ष देऊ नका. ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्यात देशद्रोह नाही. ज्या जिभेवर नाम ठेवायचे, ती आधी स्वच्छ हवी.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!